ऐकेल शे, देखेल नही

आमच्या गावात एक जिभाऊ होते. माझ्या लहानपणीच त्यांनी साठी ओलांडलेली. दिवाळीच्या आसपास कपाशी घरात यायला लागली की पुढच्या खोलीत पार माळ्यापर्यंत कापूस भरलेला असायचा, झोपायला जागा उरायची नाही, मग आम्ही पोरं गोधड्या घेऊन जिभाऊंच्या ओट्यावर जायचो. शेकोटी असायची, तुरीच्या काड्या नाहीतर गेल्या वर्षीच्या पऱ्हाट्या. आणि जिभाऊ सांगायचे. एकाने हुंकारा द्यायचा ही त्यांची अट होती, म्हणजे त्यांचं वाक्य संपलं की "हूं" म्हणायचं. हुंकारा थांबला की गोष्ट थांबली. झोप आली असेल तर सांगा म्हणायचे, अर्ध्या झोपेतल्या माणसाला मी गोष्ट वाया घालवत नाही.

त्यांची सगळ्यात आवडती गोष्ट अस्तंब्याची. अस्तंबा म्हणजे आपल्या नंदुरबार जिल्ह्यात सातपुड्यातला डोंगर, धनतेरसच्या सुमाराला तिथे यात्रा असते, तळोद्याकडून लोक रात्रभर चालत वर जातात. अश्वत्थामा तिथे अजून फिरतो, कपाळावरचा मणी काढून घेतल्याची जखम अजून वाहते, आणि डोंगरात भेटणाऱ्याकडे तो जखमेवर लावायला तेल मागतो असं मानतात. जिभाऊ हे सांगताना आवाज एकदम खाली आणायचे. अंधारात मागून पावलं वाजतात, वळून पाहायचं नाही, माणसापेक्षा दीड पट उंच सावली, आणि हात पुढे येतो, तेल दे. आम्ही एकमेकांना चिकटून बसलेले असायचो. आणि तेवढ्यात, म्हणजे अगदी त्या हाताच्या जागी, ते थांबून म्हणायचे, "हाई मी ऐकेल शे, देखेल नही."

ऐकलेलं आहे, पाहिलेलं नाही.

मग पुढे सांगायचे, मी तीन वेळा गेलो अस्तंब्याला, मला काही तो दिसला नाही. पण तेलाची बाटली मी तिन्ही वेळा नेली होती.

मोठा झाल्यावर माझ्या लक्षात आलं की ते वाक्य आलं की भीती कमी व्हायला पाहिजे होती आणि ती तर वाढायची. स्वतःला दिसला नाही हे जो माणूस आपणहून सांगतो, त्याने सांगितलेली जखम, ते तेल, ती सावली आम्हाला जास्त खरी वाटायची. शिवाय ती बाटली. न दिसलेल्यासाठी माणूस तीनदा तेल घेऊन डोंगर चढतो म्हणजे काहीतरी असणारच ना. पुढे अनेक लेखक वाचले, भाषणं ऐकली, कीर्तनं ऐकली, स्वतः थोडंफार लिहायला लागलो, आणि दर वेळी माझं मन त्या ओट्यावर जाऊन बसतं, हा जो सांगतोय त्याने हे पाहिलंय का ऐकलंय, आणि तो मला ते सांगतोय का लपवतोय.

कल्पनेवर माझा राग नाही हे आधीच सांगतो, नाहीतर वाटेल की हा माणूस प्रत्येक कथेचा पंचनामा मागतोय. आपल्याकडे यात्रेत तमाशाचा फड लागतो, सोंगाड्या नऊवारी नेसून म्हातारी होतो, मिशा तशाच, आणि एकही माणूस उठून म्हणत नाही की हे खोटं आहे. त्या म्हातारीला सून छळते तेव्हा बाया खरंच हळहळतात. श्रावणातल्या कहाण्या "आटपाट नगर होतं" म्हणून सुरू होतात, आता आटपाट नगर कोणत्या तालुक्यात आहे असं कोणी विचारलंय का? ते दोन शब्द म्हणजे दाराशी लावलेली पाटीच आहे, की बाबांनो इथून पुढे कहाणी आहे, चपला काढून आत या. सांगणारा आणि ऐकणारा दोघांना माहीत असतं की आत काय आहे. घोटाळा तिथे होतो जिथे पाटी एक आणि आत दुसरंच.

असा घोटाळा मी एका सप्त्यात पाहिला. गाव नाही सांगत, महाराजांचं नावही नाही. गळा अतिशय गोड, मृदंगवाला तयारीचा, मंडपात पाय ठेवायला जागा नाही. त्यांनी एक दृष्टांत सांगितला, मागच्या महिन्यात मराठवाड्यात माझं कीर्तन होतं, कीर्तन संपल्यावर एक पोरगा आला, आईला घराबाहेर काढलेलं होतं त्याने, माझ्या पायावर पडून रडला, मी स्वतः त्याच्यासोबत गेलो आणि आईला घरी आणलं. अख्खा मंडप रडला, माझी काकूही रडली, पदर ओला झालेला मी पाहिलाय. पुढच्या वर्षी तेच महाराज शेजारच्या गावी आले, काकू मुद्दाम मागच्या वर्षीचं आठवून मैत्रिणींना घेऊन गेली. आणि तीच गोष्ट, तोच पोरगा, तेच पायावर पडणं, फक्त आता "मागच्या महिन्यात नाशिककडे". काकू घरी येऊन चपला काढता काढता एवढंच म्हणाली, "पोऱ्या तोच शे, गाव बदलनं."

तिने त्यांना नावं ठेवली नाहीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली, अभंग म्हटले, टाळ्या वाजवल्या, प्रसाद घेतला. फक्त रडली नाही. आणि मला वाटतं त्या माणसाचं खरं नुकसान तिथे झालं, मंडप भरलेलाच होता, बिदागी मिळालीच असेल, पण ज्या बाईचं काळीज त्याच्या हातात होतं तिने ते हळूच काढून घेतलं आणि त्याला कळलंही नाही. त्यांनी साधं "एका गावी एक पोरगा होता" म्हटलं असतं तर काकू दोन्ही वर्षं रडली असती. "मी स्वतः गेलो" ही तीन अक्षरं जास्तीची... शब्द म्हणायचं होतं, असू द्या.

पैशाचंही बोलायला पाहिजे. तुकोबांनी तर फार कडक सांगून ठेवलंय, जिथे कीर्तन करायचं तिथे जेवूसुद्धा नये, आणि कीर्तनाचे पैसे घेणारा आणि देणारा दोघेही नरकात जातात. आजच्या काळात इतकं कोण पाळणार, गाडीला डिझेल लागतं, टाळकऱ्यांना घरं आहेत, आणि खरं सांगायचं तर घेतलेली बिदागी लोकांना खटकत नाही, ती ठरलेली असते आणि गावानेच वर्गणी काढलेली असते. खटकते ती लपवलेली. २०१७ ला गुलाबी बोंडअळीने कपाशीची वाट लावली ना, त्यानंतर आमच्याकडचा एक जण मोबाईलवर रोज शेतीचं लिहायचा. काय फवारायचं, कधी फवारायचं, फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही उभी ठेवलेली कपाशी, ठेवू नका, पऱ्हाट्या वेळेत उपटा. लोक सकाळी चहासोबत त्याचं वाचायचे. दोन वर्षांनी कळलं की एका औषधाचं जे तो इतकं मनापासून लिहायचा त्याचे त्याला पैसे मिळत होते. औषध वाईट नव्हतं, माझ्या चुलतभावाने वापरलंय. पण त्यानंतर पऱ्हाट्या उपटा हेही कोणी ऐकेना, जे शंभर टक्के खरं होतं. एक लपवलेली गोष्ट मागच्या सगळ्या खऱ्या गोष्टींनाही खाऊन टाकते हे मी तेव्हा समोर पाहिलं.

बारीक चुकांचंही तसंच. रावेरकडचा माझा एक मित्र आहे, घरची केळीची बाग. त्याला एकदा मी एक कादंबरी दिली वाचायला, चांगली गाजलेली, जळगाव भागातली. आठवड्याने परत आणून दिली, म्हटलं वाचली का, तर म्हणाला चाळीस पानं वाचली. त्यात पोरगा बागेत शिरतो आणि पिवळेधमक घड लटकत असतात आणि तो तोडून खातो. आता आमच्याकडे घड हिरवाच कापतात, गाडीत भरतात, पिकवायचं काम पुढे रायपनिंग चेंबरमध्ये, बागेत घड पिवळा होईपर्यंत राहिला म्हणजे त्या शेतकऱ्याचं काहीतरी बिघडलंय. मित्र म्हणाला, अरे ज्याने माझी बाग पाहिली नाही तो मला माझ्या बापाचं दुःख काय सांगणार? मला तेव्हा ते जरा जास्त वाटलं होतं. आता नाही वाटत. वाचकाला जे माहीत आहे तिथे तो तुम्हाला तपासतो, आणि तिथे पास झालात तरच जे त्याला माहीत नाही तिथे तो डोळे मिटून तुमच्या मागे येतो. जिभाऊंचा डोंगर, तळोद्याची वाट, थंडी, ठेचा-भाकरीचं फडकं, हे सगळं गावातल्या दहा जणांनी पाहिलेलं होतं आणि ते तंतोतंत बरोबर असायचं, म्हणून तर अश्वत्थामा चालून गेला.

आपल्या खान्देशात या बाबतीत किती मोठी माणसं होऊन गेली. १९३२ साली धुळ्याच्या जेलमध्ये विनोबा होते आणि साने गुरुजीही होते. २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी विनोबा गीतेवर बोलले, अठरा रविवार, अठरा अध्याय, आणि गुरुजी खाली बसून लिहून घेत होते. तीच पुढे छापली गेली, गीता प्रवचने म्हणून. मी ते पुस्तक वाचताना नेहमी बोलणाऱ्यापेक्षा लिहून घेणाऱ्याचा विचार करतो. गुरुजी आधी अमळनेरच्या शाळेत मास्तर, वसतिगृहातल्या पोरांसाठी हाताने छात्रालय दैनिक काढायचे, अतिशय हळवा माणूस, ज्याची लेखणी जरा सैल सोडली की डोळ्यातून पाणी काढते. अशा माणसाने अठरा रविवार स्वतःची लेखणी दुसऱ्याच्या आवाजाला देऊन टाकली. कुठेतरी एक वाक्य आपलं घालावं, जरा गोड करावं असं त्यांच्या मनात आलं नसेल का? पण पुस्तकात विनोबाच बोलतात. ते प्रवचन आपण कोणीच ऐकलेलं नाही, गुरुजींच्या भरवशावर ऐकतोय.

बहिणाबाईंचंही तेच. लिहिता-वाचता येत नव्हतं, जात्यावर, शेतात ओव्या म्हणायच्या, मुलगा सोपानदेव आणि घरातली माणसं टिपून घ्यायची. त्या १९५१ ला गेल्या आणि १९५२ ला अत्रेंच्या पुढाकाराने कविता छापून आल्या. सोपानदेव स्वतः नाव असलेले कवी. त्यांनी आईची बोली पुसून पुण्याच्या मराठीत घातली असती तर त्या काळात कोणी दोष दिला नसता, उलट कौतुकच झालं असतं. पण पुस्तकात असोद्या-जळगावचीच बोली आली, म्हणून तर आमच्या घरातल्या शाळा न शिकलेल्या बायांनीही ते ऐकून मान डोलावली, हां, असंच बोलतात. आणि धुळ्यात इतिहासकार राजवाडे. अख्खं आयुष्य दप्तरं शोधत गावोगाव फिरले, मिळालेला कागद छापून लोकांसमोर ठेवला, माझं म्हणणं पटत नसेल तर हा घ्या कागद, तुम्हीच वाचा.

हे सगळं मला माहीत होतं. तरी मी जे केलं ते केलं, आणि आता ते सांगतो.

२०११ ला मी एका दिवाळी पुरवणीत माझ्या मोठमायवर, म्हणजे आजीवर, लेख लिहिला. १९७२ च्या दुष्काळावर. आजोबा आजारी, शेतात दाणा नाही, मोठमाय पाझर तलावाच्या कामावर जायची, माती वाहायची, नंतर खडी फोडायला. घरात मिलो नावाच्या लाल ज्वारीच्या भाकरी, गिळवत नसायच्या, आणि कामावर मिळायची ती सुकडी, दुष्काळी कामावर वाटायचे ते कोरडं खाणं. हे तिने मला कितीतरी वेळा सांगितलेलं. लेखाला शेवट नव्हता म्हणून मी एक शेवट घातला. संध्याकाळी परत येताना वाटेवर एक अनोळखी पोर भुकेने रडतेय, मोठमाय थांबते, पदरातली सगळी सुकडी तिच्या ओंजळीत घालते आणि रिकाम्या पदराने घरी येते. लेख छापून आला, खूप फोन आले, एका शाळेत मास्तरांनी वर्गात वाचून दाखवला. मी खुश.

गावी गेलो तेव्हा मोठमायला वाचून दाखवला. ती ओट्यावर शेंगा फोडत होती आणि सवयीने हुंकारा देत होती. हूं. हूं. मिलोच्या भाकरीला तर हसलीसुद्धा. वाटेवरची ती पोर आली आणि हुंकारा थांबला. मला वाटलं गहिवरली. मी शेवटपर्यंत वाचलं.

ती बराच वेळ शेंगाच फोडत बसली. मग म्हणाली, "बापू, हाई मी करेल नही." हे मी केलेलं नाही.

मी काहीतरी बोललो, की माय लेखात थोडं असं करावं लागतं, लोकांना आवडतं. तिने ते ऐकलं की नाही माहीत नाही. ती म्हणाली पोर होती. अनोळखी नव्हती, गल्लीतलीच होती. आणि ती रडत मागे येत होती हेही खरं. "मी पोरले दिधी नही. मी लपाडीसन तुना बापले दिधी." पोरीला दिली नाही, लपवून तुझ्या बापाला दिली. पदर घट्ट पोटाशी धरला आणि भरभर चालत सुटले, ती पोर मागे पळत होती, मी वळून पाहिलं नाही. तुझा बाप घरी होता, पाच वर्षांचा, पोट पाठीला लागलेलं.

एवढी वर्षं तिने ते कोणाला सांगितलं नव्हतं. जे ती चाळीस वर्षं पोटात धरून होती त्याच्या बरोबर उलटं मी छापून आणलं, तिच्या नावाने, आणि गावोगावच्या लोकांनी तिला देवी करून टाकलं. तिला ते कौतुक काट्यासारखं टोचलं असणार. मी तिच्या आयुष्यातली सगळ्यात जड गोष्ट न विचारता हलकी करून टाकली होती, आणि तीही कशासाठी तर लेखाला शेवट पाहिजे म्हणून.

त्यानंतर सहा-सात वर्षं तिने मला गोष्टी सांगितल्या नाहीत. राग नव्हता, जेवू घालायची, पोरांचं विचारायची. पण मी "माय, ते बहात्तरचं..." असं सुरू केलं की म्हणायची, याद नही.

मध्ये २०१८ आलं. १ जुलै, रविवार, साक्री तालुक्यात राईनपाड्याला बाजाराचा दिवस होता. मुलं पळवणारी टोळी फिरतेय असे मेसेज तेव्हा सगळ्यांच्या मोबाईलवर फिरत होते, माझ्याही आले होते, आणि मंगळवेढ्याकडून आलेल्या, भिक्षा मागून पोट भरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने मारून टाकलं. मला त्या रात्री झोप लागली नाही. त्या मेसेजमध्येही गोष्टच होती, गाव होतं, पोरं होती, खूण पटावी असे बारकावे होते. आणि पाठवणाऱ्यांपैकी एकानेही, एकानेही, खाली एवढं लिहिलं नाही की हे मी ऐकलंय, पाहिलेलं नाही. मला आलेल्यांपैकी एक मेसेज मी डिलीट केला होता. पण ज्याने पाठवला त्याला फोन करून विचारलं नव्हतं, की बाबा, तू पाहिलंस का?

त्याच महिन्यात मी तो जुना लेख काढला आणि पुन्हा लिहिला. पदर पोटाशी धरलेला, भरभर चालणं, मागची पोर, सगळं तिने सांगितलं तसं. जिथे मला माहीत नव्हतं तिथे माहीत नाही असं लिहिलं. छापायला दिला नाही. आधी तिच्याकडे घेऊन गेलो.

तेव्हा तिला नीट दिसत नव्हतं, ऐकू मात्र यायचं. खाटेवर पडून होती. मी वाचत गेलो आणि पहिली दोन पानं हुंकारा नाहीच. मी थांबलो नाही, थांबायची हिंमत नव्हती. पाझर तलाव आला, खडी आली, सुकडी आली. वाटेवर ती पोर मागे लागली, त्या वाक्यानंतर मी श्वास घेतला आणि तिकडून बारीक आवाजात आलं, "हूं."

पुढच्या प्रत्येक वाक्याला आलं.

वाचून झाल्यावर तिने त्या पोरीचं नाव सांगितलं, लग्न होऊन कुठे दिली तेही सांगितलं, तापीकाठचं गाव, आमच्याकडून तासाभरावर. मला म्हणाली गाडी कधी आणशील. पुढच्या रविवारी मी गेलो तर ती पहाटेपासून तयार होऊन बसलेली, धुतलेलं लुगडं, मांडीवर स्टीलचा डबा, घट्ट धरलेला. सुनेकडून रात्रीच काहीतरी भाजून घेतलं होतं, घरभर वास होता. त्या घरी आम्ही दुपारभर होतो. दोघी आतल्या खोलीत बसल्या होत्या, मी उंबऱ्याजवळ, त्यामुळे हे ऐकलेलंही आहे आणि पाहिलेलंही आहे.

परत येताना गाडीत ती म्हणाली, "आजनं लिखू नको."